टॉक्सोप्लाझ्माचा रिपोर्ट आणि आपल्या लेकी-सुना



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत लेखनिकाचे काम करतो, शिक्षण कला शाखेचे. तरीही आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण या रोगाविषयी आपल्या घरांत भीती अधिक आणि माहिती कमी आहे. एखाद्या सुनेचा गर्भपात होतो, रक्त तपासले जाते, 'टॉक्सो पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट येतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांची तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. रिपोर्ट नीट समजून घेतला तर हा अन्याय टळू शकतो, हेच आम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम या जंतूची ओळख करून घेऊ. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परोपजीवी आहे. १९०८ साली ट्युनिस येथे चार्ल्स निकोल आणि लुई मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. ग्रीक भाषेत 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. जंतूचा आकार धनुष्यासारखा बाकदार, म्हणून हे नाव. आईकडून गर्भाला त्याची बाधा होते हे कळावयास १९३९ साल उजाडले. न्यूयॉर्कमधील वुल्फ, कोवेन आणि पेज या संशोधकांनी ते दाखवून दिले. यात मांजराचा वाटा काय, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले.

मांजर उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाते, तेव्हा जंतू तिच्या आतड्यात वाढतो. पहिल्यांदा बाधा झाली की साधारण एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून त्याची लक्षावधी सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. ती लगेच बाधक नसतात, त्यासाठी एक ते पाच दिवस जावे लागतात. पुढे मात्र ओलसर मातीत ती वर्षभरही टिकतात. तेथून ती भाजीवर, पाण्यात आणि आपल्या हातांवर येतात. शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या मांसातही हा जंतू दडून राहतो. २००४-०५ मध्ये तमिळनाडूतील कोईमतूर येथे या जंतूमुळे डोळे बिघडलेले २०० हून अधिक रुग्ण आढळले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. म्हणजे ज्या घरात मांजर नाही, तेथेही हा रोग येऊ शकतो. म्हणून घरातील मांजर हाकलून दिले की काम झाले, असे कोणी समजू नये.

निरोगी माणसाला ही बाधा बहुधा जाणवतही नाही. थोडा ताप, अंगदुखी, मानेत गाठी आणि मग सारे शांत. गर्भवतीचे मात्र तसे नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच बाधा झाली तर जंतू वारेतून गर्भाकडे जाऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांत तो जाण्याची शक्यता कमी असते, पण गेल्यास हानी मोठी होते: गर्भपात, डोक्यात पाणी साचणे, मेंदूला किंवा डोळ्यांना इजा. शेवटच्या तीन महिन्यांत जाण्याची शक्यता बरीच वाढते, हानी मात्र बहुधा सौम्य असते. काही मुलांत डोळ्यांचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो, म्हणून अशा मुलांची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

आता रिपोर्टाकडे वळू. त्यात दोन नोंदी असतात. आयजीजी ही खातेवहीतल्या जुन्या नोंदीसारखी आहे. बाधा कधीतरी होऊन गेली, एवढेच ती सांगते. कदाचित ती सुनेच्या बालपणी, माहेरच्या अंगणातच झाली असेल. गरोदरपणापूर्वी झालेल्या बाधेपासून गर्भाला सहसा धोका नसतो. रोगप्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या स्त्रिया मात्र याला अपवाद. दुसरी नोंद आयजीएमची. ती ताज्या बाधेची असू शकते, परंतु कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ रक्तात राहते. म्हणून केवळ तिच्यावरून निकाल देता येत नाही. अशा वेळी ॲव्हिडिटी नावाची तपासणी करतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत ती जास्त आली, तर बाधा गर्भधारणेपूर्वीची समजतात. दोन्ही नोंदी निगेटिव्ह असतील, तर बाधा कधी झालेलीच नाही. अशा भगिनीने अधिक जपावे.

वारंवार गर्भपात झाला की 'टॉर्च' नावाची तपासणी करून घेण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. जुनी टॉक्सो बाधा पुन्हा पुन्हा गर्भपात घडविते, असे वैद्यकशास्त्र मानत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००३ साली या कारणासाठी ही तपासणी सोडून द्यावी, असे म्हटले होते. आणि बाधा खरोखर ताजी असली, तरी त्यात त्या स्त्रीचा दोष कोणता? जंतू काही विचारून येत नाही. तिला सोबत घेऊन तज्ज्ञाकडे जाणे हे आपले कर्तव्य आहे. गर्भाला बाधा झाली की नाही, हे अठराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून पाहता येते. स्पायरामायसिन, पायरिमेथामिन, सल्फाडायझिन अशी औषधे आहेत. कोणते, केव्हा आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

हा रोग टाळण्याचे उपाय मात्र आपल्या हातचे आहेत. मटण आतपर्यंत शिजवावे. निखाऱ्यावर अर्धवट भाजलेली कलेजी गर्भवतीने खाऊ नये. कच्चे मांस कापल्यावर विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर वाहत्या पाण्यात धुवावे. पाणी आणि दूध उकळून घ्यावे. निंदणी-खुरपणी करणाऱ्या भगिनींनी जेवणापूर्वी नखांतली माती काढावी. माती खाण्याचे डोहाळे लागले तर ते पुरवू नयेत, डॉक्टरांना सांगावे. मांजराची घाण घरातील दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी. ती शिळी होऊ दिली की धोका वाढतो.

फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात सुमारे ८० टक्के गर्भवतींमध्ये जुन्या बाधेची खूण सापडत असे. तेथे १९७८ मध्ये तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्याच्या सवयी आणि पशुपालनाच्या पद्धतीही बदलल्या. २०१६ पर्यंत हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले.

विद्यार्थी मित्रांनो, घरात रिपोर्ट वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. तुमच्या वहिनीच्या, बहिणीच्या हाती असा कागद आला तर पुढे व्हा. त्यात आयजीजी आहे की आयजीएम, ते पाहा, डॉक्टरांना प्रश्न विचारा आणि जे कळेल ते घरातील वडीलधाऱ्यांना शांतपणे समजावून सांगा. तिच्या बाजूने बोलणारे एक माणूस घरात असले, तरी तिला मोठा आधार होतो.