लायटर वापरायचाय? आधी परवाना दाखवा!

  

समजा साल आहे १९४०. तुम्ही पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये रस्त्याच्या कडेला उभे आहात. खिशातून लायटर काढता आणि सिगारेट पेटवता. (ओढू नका, उदाहरण म्हणून सांगतोय.) तेवढ्यात साध्या कपड्यांतला एक माणूस जवळ येतो आणि विचारतो, "परवाना कुठंय?" सिगारेटचा नाही हं. लायटरचा!

गंमत नाही ही. १९३७ साली तिथे तसा कायदाच झाला होता. घराबाहेर लायटर वापरायचा तर तुमच्या नावाचा सरकारी परवाना खिशात हवा. नसेल तर २५० एस्कुदो दंड, वर लायटर जप्त. सरकारी नोकर असाल तर दंड दुप्पट. कारण काय, तर देशातला काडेपेटीचा धंदा वाचवायचाय. इथपर्यंत आपण म्हणू, असेल बाबा एखादा विक्षिप्त कर. पण पुढे ऐका. दंडातला वाटा पकडणाऱ्याला मिळायचा, आणि कुणी चुगली करून पकडून दिलं असेल तर त्या चुगलखोरालाही. म्हणजे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या खिशात डोकावण्याचे पैसे!

एक किस्सा सांगतात. परवाना फक्त उघड्यावर लागायचा, छपराखाली नाही. म्हणून काही कॉलेजची पोरं दप्तरात कौल घेऊन फिरायची. डोक्यावर कौल धरायचं आणि म्हणायचं, आम्ही छपराखाली आहोत! किस्सा खरा की रचलेला, देव जाणे. पण आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

तर हे राज्य होतं आंतोनियो सालाझारचं. हुकूमशहा म्हटलं की आपल्याला आठवतो रीलमधला हिटलर, मुठी आपटणारा, ओरडणारा. सालाझार तसा नव्हता. कोइम्ब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, लग्न न केलेला, गर्दीचा कंटाळा असलेला. १९२६ साली लष्कराने सत्ता घेतली, १९२८ साली हे प्राध्यापक अर्थमंत्री झाले, १९३२ साली पंतप्रधान, आणि मग थेट १९६८ पर्यंत उठलेच नाहीत. त्याला फॅसिस्ट म्हणायचं की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात. एकच कायदेशीर संघटना, हात पुढे करून सलाम ठोकणारी शाळकरी मुलं, गुप्त पोलीस, सेन्सॉर, हे सगळं होतं. ज्याला पकडून नेलं, त्याला या शब्दाच्या व्याख्येने काय फरक पडणार होता?

मारहाण होतीच. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर १९३६ साली ताराफाल नावाची छावणी उघडली, तिथे तीसहून जास्त राजकीय कैदी मेले. पण लाखो लोकांना छावणीत टाकता येत नाही. परवडत नाही ते! त्यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या आयुष्यात हरवण्यासारखं काहीतरी ठेवायचं आणि त्याची दोरी आपल्या हातात धरायची.

दोरी कशी? सरकारी नोकरी हवी तर सही करा, की मला १९३३ च्या घटनेची व्यवस्था मान्य आहे आणि कम्युनिझम व सगळ्या विध्वंसक विचारांचा मी धिक्कार करतो. गंमत म्हणजे त्याच घटनेत विचारस्वातंत्र्य लिहिलेलं होतं बरं का! फक्त पुढे जोडलं होतं, ते कसं वापरायचं हे खास कायदे ठरवतील.

प्राथमिक शाळेत शिक्षिका आहात? लग्न ठरलं? अभिनंदन, पण आधी मंत्रालयाची परवानगी आणा. होणारा नवरा चांगल्या वर्तनाचा आहे आणि त्याची कमाई तुमच्या पगाराला साजेशी आहे याचा पुरावा जोडा. १९३६ चा नियम. सरकारी इस्पितळातल्या नर्सला तर १९४२ पासून पुढची वीसेक वर्षं लग्नाची बंदीच होती. बायकोला परदेशी जायचं तर नवऱ्याची लेखी संमती लागायची. आता सांगा, या बाईला बंड करायला वेळ कधी मिळणार? ती आधी अर्ज भरणार, मग साहेबाला दुखवणार नाही, मग शेजारणीशी जपून बोलणार.

शेजारणीशी का? कारण पीडे. हे गुप्त पोलिसांचं नाव. त्यांच्या खबऱ्यांना लोक शिवी दिल्यासारखं 'बुफो' म्हणायचे. बुफो कोण आणि किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ताकद नेमकी त्यातच होती. कॅफेतला वेटर असेल, ऑफिसातला मित्र असेल, नसेलही. पीडेने प्रत्येक टेबलावर माणूस बसवायची गरजच नव्हती, लोक स्वतःच आवाज खाली आणायचे. आणि एकदा आत गेलात, की शिक्षा संपली तरी 'सुरक्षेचा उपाय' म्हणून कोठडी वाढवता यायची. बाहेर कधी पडणार हे न्यायाधीशाच्या निकालातही नसायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे युरोपात. थांबा. हेच राज्य पणजीतही होतं, सावंतवाडीच्या पलीकडे. आपण आग्वादला जातो, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतो. तिथल्या तुरुंगात याच सालाझारचे कैदी होते.

गोव्यात काहीही छापायचं तर सेन्सॉरला दाखवावं लागे. काहीही म्हणजे लग्नपत्रिकासुद्धा! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळं आधी साहेबाच्या टेबलावर. वधूपित्याने दागिने करायचे, आचारी बघायचा, आणि त्यात हा एक हेलपाटा. मला वाटतं, त्या पत्रिकेत काही राजद्रोही सापडेल अशी सरकारलाही आशा नसणार. हेलपाटा हाच उद्देश. घरातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशीही तुम्हाला आठवलं पाहिजे, की वर कुणीतरी आहे आणि त्याचा शिक्का लागतो.

अशा ठिकाणी एका शब्दाची किंमत किती होते बघा. फेब्रुवारी १९५४. म्हापशात एक निरोपाची मेजवानी चालू होती. शहरातले प्रतिष्ठित लोक, चांगलं जेवण, भाषणं. भाषणाच्या ओघात एकजण म्हणाला की गोवा म्हणजे पोर्तुगालच. असं वाक्य तिथे रोज कुणीतरी म्हणायचं, बाकीचे टाळ्या वाजवायचे किंवा ताटात बघायचे. त्या दिवशी डॉक्टर पुंडलिक गायतोंडे म्हणाले, "मी निषेध करतो." झालं. भाषण नाही, घोषणा नाही, दगड तर नाहीच. या नावाजलेल्या सर्जनला अटक झाली आणि बोटीने पोर्तुगालला नेलं. त्यांची बायको एदिला स्वतः पोर्तुगीज होती, तरीही काही उपयोग झाला नाही.

मी त्या टेबलावरच्या बाकीच्या लोकांचा विचार करतो. गायतोंड्यांना उचलल्यावर त्यांच्यापैकी किती जणांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल, की मलाही तेच म्हणायचं होतं?

आणि सांगलीचे मोहन रानडे. गोव्यात मराठी शाळेत शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा, आणि रवानगी लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रानडे सुटले कधी? जानेवारी १९६९! सात वर्षं तो माणूस अशा राज्याच्या नावाने तुरुंगात होता, जे राज्य गोव्यात उरलंच नव्हतं. इथे त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, धडपडत होते. पण सालाझारने गोवा गेला हे मान्यच केलं नाही. लिस्बनच्या संसदेत गोव्याच्या जागा कागदावर तशाच राहिल्या.

खोटं इतकं वर्षानुवर्षं बोललं, की शेवटी ते त्याच्यावरच उलटलं. ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, हो, खरोखरच्या खुर्चीवरून, आणि मेंदूला मार बसला. सप्टेंबरमध्ये मार्सेलो काएतानो पंतप्रधान झाला. पण हे सालाझारला सांगणार कोण? कुणीच सांगितलं नाही. मंत्री भेटायला यायचे आणि तोच अजून प्रमुख असल्यासारखं बोलायचे. जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत हे नाटक चाललं. चाळीस वर्षं ज्याने सगळ्यांना खरं न बोलायची सवय लावली, त्याच्याशीही कुणी खरं बोललं नाही. त्याच वर्षी लायटरचा परवानाही रद्द झाला.

राज्य मात्र अजून चार वर्षं तगलं. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या युद्धाने थकलेले तरुण लष्करी अधिकारी शेवटी उठले. २५ एप्रिल १९७४, मध्यरात्र उलटून गेलेली. रेडिओवर झेका आफोन्सोचं एक गाणं लागलं. हा तो गायक, ज्याच्या बऱ्याच गाण्यांवर बंदी होती. गाणं लागणं हीच खूण होती, बराकींतून रणगाडे निघाले.

सकाळी लिस्बनच्या एका रेस्टॉरंटमध्ये सेलेश्त काएरू कामाला आली. रेस्टॉरंटला त्या दिवशी वर्ष पूर्ण होत होतं, गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशनची फुलं आणलेली होती. मालक म्हणाला, आज काही उघडत नाही, फुलं घरी घेऊन जा. ती फुलं घेऊन रस्त्यावर आली, तर समोर सैनिक. तिने विचारलं, काय चाललंय? त्याने सांगितलं, आणि विचारलं, सिगारेट आहे का?

ती सिगारेट ओढत नव्हती. तिने त्याला एक फूल दिलं आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवलं.