पुसलेली राणी

(अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार तोकडा आहे. तथापि आपल्या नगरच्या एका पोथीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर हे काव्य आफताबी नावाच्या कवीचे. काळ १५६५ ते १५६९ च्या दरम्यानचा. दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. काव्य फारसी, परंतु एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो, ही कल्पना संस्कृत काव्यातील दोहदाची. आज ज्या परंपरांना एकमेकींच्या वैरिणी ठरविले जाते, त्या तेथे एकाच पानावर नांदत होत्या.

या चित्रांत राजाशेजारी राणी खुंझा हुमायूँ होती. १५६५ मध्ये पती निवर्तल्यावर मुलाच्या नावाने तिनेच राज्य चालविले. १५६९ मध्ये त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. त्यानंतर बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून पुसण्यात आली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. पण डाग उरला, आणि त्या डागानेच तिची आठवण राखली. मोगलांविरुद्ध १५९५-९६ मध्ये किल्ला लढविणारी चांदबिबी तिचीच कन्या.

२०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडीच्या लेकीविषयी, अहिल्याबाईंविषयी, आपणा सर्वांना आदरच आहे. मात्र एका कर्तृत्ववान स्त्रीचा गौरव करण्यासाठी दुसरीवर रंग फासावा लागत नाही. नावाची पाटी बदलते; शहर कोणी घडविले हा प्रश्न कायम राहतो.

आणि येथे माझ्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी जागा होतो. राणी पुसली गेली तरी तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्याने ती रंगविली, त्या चिताऱ्याचे नाव कोठे आहे? ज्या रयतेच्या साऱ्यावर दरबार पोसला गेला, ती कोणत्या चित्रात आहे? तिला कोणी पुसले नाही, कारण तिला कोणी काढलेच नव्हते.

याच नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, मौलाना आझाद आणि आचार्य नरेंद्र देव बंदिवान होते. नेहरूंनी तेथे भारताचा शोध घेतला, तर समाजवादी नरेंद्र देवांनी बौद्ध दर्शनाचा अभ्यास केला. वारसा आपला की परका, हे त्यांनी धर्मावरून ठरविले नाही.

आपणही आपल्या गावच्या वेशी, मंदिरे, मशिदी मुलांना दाखवाव्यात. आणि राजाच्या नावाबरोबर दगड घडविणाऱ्या हातांविषयीही त्यांना विचारू द्यावे.