‘साधा शेतकरी’ म्हणून खाली बसू नका



बैठकीत ओळखी सुरू झाल्या की आपला माणूस उठतो, टोपी सारखी करतो, "मी साधा शेतकरी, पाच एकर कोरडवाहू," म्हणतो आणि खाली बसतो. पुढं कुणी काही विचारत नाही. विचारणार तरी काय? त्याच्या मागून बियाण्याचा एजंट उठतो, तो दहा मिनिटं बसत नाही. आम्ही कृषी महाविद्यालयात पिकांबद्दल बोलायला शिकलो. पीक काढणाऱ्यानं स्वतःच्या कामाबद्दल काय बोलावं, हे तिथं कुणी शिकवलं नाही.

समोरचा कोण, ते आधी पाहावं. सूतगिरणीचा माणूस क्विंटलात विचार करत नाही, गाठीत करतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते ढोबळमानानं 34 किलो, बाकी बहुतेक सरकी. गाठ 170 किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ. "माझा आठ क्विंटल कापूस आहे," म्हटलं तर तो मान हलवून चहा घेतो. "आम्ही बारा घरं मिळून शंभर क्विंटल, म्हणजे वीस गाठींचा माल देतो, पहिली-दुसरी वेचणी वेगळी, कवडी आणि फरदड त्यात घालत नाही," म्हटलं की तो खुर्ची पुढं ओढतो आणि विचारतो, ओलावा किती? त्याचंही उत्तर तयार पाहिजे. हमीभावाच्या सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढं कपात, 12 च्या वर माल परत. हे आकडे आपल्या तोंडी असले की समोरचा जपून बोलतो. मात्र नाही ते सांगू नये. जिनात रुईचा उतारा निघाला की सगळं उघडं पडतं.

ज्वारीचंही तसंच. गोठेवाल्याला दाण्याशी घेणं नाही. त्याला सांगा कडब्याच्या पेंढ्या किती, आणि त्या भिजलेल्या नाहीत. 2023 साली भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणांत ज्वारीचं कौतुक झालं. ती पिकवणारा मात्र मागच्या रांगेतच होता.

आणखी एक. व्यापाऱ्यापुढं कर्जाचं रडगाणं गाऊ नका. याला पैशाची निकड आहे एवढं त्याला कळलं की भाव तिथंच पडतो. कर्जाचं बोलायचं ते बँकेत आणि मोर्चात, तिथं मोठ्यानं बोला.

मायबहिणींची ओळख तर आपण करूनच देत नाही. "ही घरीच असते," म्हणतो. टोबणी तिची, निंदण तिचं, वेचणी तिची! कवडी बोंड कुठलं अन् चांगलं कुठलं, हे ज्या हाताला कळतं तोच हात मालाची प्रत ठरवतो. गिरणीवाल्यापुढं मालाबद्दल तिनंच बोलावं, असं आमचं मत आहे. काही भाऊ हसताहेत, हसू द्या.

जेवणानंतर तालुकावार ओळखी होतील. जिनवाले दोघे आलेले आहेत. सुरुवात बाया करतील.