पाश्चात्त्य समाज आणि धर्म



धर्म सोडला म्हणूनच पाश्चात्त्य पुढे गेले, असे वैरागातही ऐकू येते. खरे पाहता इंग्लंडचा राजा आजही तेथील चर्चचा प्रमुख आहे. सरकारी खर्चाच्या सुमारे एकतृतीयांश शाळा धर्मसंस्थांशी निगडित आहेत. फ्रान्सची तऱ्हा निराळी. तेथे १९०५ साली राज्य व चर्च अलग झाले आणि २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींच्या हिजाबावर बंदी आली. (हा मला अतिरेक वाटतो.) आपल्याकडे मिरजेचे इस्पितळ १८९४ साली काढणारे डॉ. वॉन्लेस हे मिशनरीच. पण शस्त्रक्रिया शिकून आलेले. मग सातवी झालेल्या लेकीला ‘शिकली तर दीन सुटेल’ म्हणून घरी का बसवता? जूनमध्ये तिचे नाव आठवीत घाला.