गळ्याची गाठ आणि रक्ताचा रिपोर्ट

आम्ही बोनकोडे गावातल्या बचत गटाच्या बायका. आज थायरॉईडच्या गाठीविषयी बोलू या.

"थायरॉईडचं रक्त तपासलं, नॉर्मल आलं, म्हणजे गाठीचं काही नाही," असं आपण सहज म्हणतो. पण टीएसएच ही तपासणी ग्रंथी किती काम करते एवढंच सांगते. गाठ कसली आहे, ते सांगत नाही. कर्करोग असला तरी हा रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मलच येतो.

घाबरू नका. अशा १०० गाठींपैकी ९० हून अधिक साध्या असतात. पण साधी कुठली, हे नुसतं चाचपून कळत नाही.

हा कर्करोग पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट होतो. लहानपणी मानेला किरणोपचार झाले असतील, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेलं आणि पुढे त्यांच्यात हा आजार वाढला. आपल्या मिठातलं आयोडीन तसलं नाही. ते मीठ बंद करू नका.

आरशासमोर मान जरा मागे करा, मंगळसूत्र बाजूला सारा आणि पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर गाठ वर सरकली, तर ती थायरॉईडची असू शकते. गाठ वाढतेय, कडक लागते, तीन आठवडे आवाज बसलाय, घास अडकतो, मानेच्या बाजूलाही गाठी आहेत, तर लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

डॉक्टर आधी गळ्याची सोनोग्राफी करतात. शंका वाटली तर बारीक सुईने पेशी काढून तपासतात. सुईने कर्करोग पसरेल ही भीती मनातून काढा. थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी मुख्यतः ऑपरेशननंतर, आजार परत येतोय का ते पाहायला असते. कॅल्सिटोनिन वाढलेलं असेल तर मेड्युलरी नावाच्या प्रकाराचा संशय येतो. तो घराण्यातून येऊ शकतो, म्हणून मुलाबाळांचीही तपासणी करावी लागते.

उपचारासाठी परळचं टाटा रुग्णालय आहे, खारघरलाही टाटाचं केंद्र आहे. परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे थायरॉईडच्या कर्करोगावर आयोडीनचे उपचार होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

वेळेवर सापडला तर हा कर्करोग बहुतेकींचा बरा होतो. तेव्हा बायांनो, गळ्याला गाठ लागली तर रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका. "सोनोग्राफी करायची का?" एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.