फलकावरच्या छायाचित्राची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. पुढे पिंपरी, कासारवाडी, दापोडी या मार्गाने ती पुण्यात शिरते. या वाटेवर उद्योगनगरीतले छायाचित्रकार पहाटेपासून जागा धरून उभे असतात. समजा, त्यांपैकी एकाला डोक्यावर तुळस घेतलेली एक वृद्धा आणि तिच्यामागे कारखान्याची चिमणी असे चित्र साधले. पुढच्या आषाढीला तेच चित्र एखाद्या गृहप्रकल्पाच्या भव्य फलकावर झळकते. वर एकादशीच्या शुभेच्छा, खाली सदनिकांचे दर. चित्र घेणाऱ्याचे नाव कोठेही नाही. त्याला कोणी विचारलेले नाही, आणि पैसे तर दिलेलेच नाहीत.

या फलकाचा हिशेब मांडून पाहावा. जागेच्या मालकाला भाडे मिळाले. महापालिकेला परवाना शुल्क मिळाले. फ्लेक्स छापणाऱ्याला, लोखंडी सांगाडा उभा करणाऱ्याला, मजकूर जुळवणाऱ्या जाहिरात संस्थेला, सर्वांना आपापले दाम मिळाले. ज्या चित्रामुळे जाणारा-येणारा त्या फलकाकडे मान वळवतो, त्या चित्राच्या कर्त्याचा रकाना तेवढा कोरा राहिला. असे का व्हावे? याचे कारण अर्थशास्त्रात आहे. पहिले चित्र मिळवण्यासाठी कॅमेरा, भिंगे, प्रवास, अनेक वर्षांचा सराव आणि वाया गेलेले असंख्य प्रयत्न एवढा खर्च येतो. दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. ज्या वस्तूची नक्कल फुकट होते तिची किंमत बाजार आपण होऊन देत नाही. ती कायद्याने आणि संघटित शक्तीनेच मिळवावी लागते.

जाब विचारला की तीन उत्तरे मिळतात. वारी साऱ्यांची आहे, तिच्यावर मालकी कसली, हे पहिले उत्तर. वारी साऱ्यांची आहे हे खरेच. म्हणून तर त्या व्यापाऱ्यालाही पहाटे चार वाजता निगडीच्या रस्त्यावर उभे राहून स्वतःचे चित्र घेण्याची पूर्ण मोकळीक आहे. विठ्ठल सर्वांचा असला तरी त्याची मूर्ती घडवणाऱ्या पाथरवटाची मजुरी कोणी बुडवत नाही. दुसरे उत्तर असे की चित्र इंटरनेटवर होते. दुकानाच्या काचेआड मांडलेला माल सर्वांना दिसतो, म्हणून तो फुकट होत नाही. तिसरे उत्तर सर्वांत उर्मट आहे: तुमची प्रसिद्धीच झाली ना! ज्या फलकावर नावच नाही, त्याने प्रसिद्धी कोणाची झाली?

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती असते. प्रताधिकार चित्र घेताक्षणी निर्माण होतो. नोंदणी केल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा अधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. चालू घटनेचे वृत्त देणे, समीक्षा करणे यांसाठी कायद्याने सवलती ठेवल्या आहेत. सदनिका विकणे त्यांत बसत नाही.

परंतु कायद्यात एक मोठी पळवाट आहे आणि आपल्या औद्योगिक पट्ट्याशी तिचा निकटचा संबंध आहे. कलम १७ अन्वये, कोणाच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक चित्र काढवून घेणारा असतो. वेगळा करार असेल तरच हे बदलते. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचेही साधारणतः असेच आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्याने दिवसभराच्या कामासाठी छायाचित्रकार बोलावला, कागदावर काहीच लिहिले नाही, आणि मग त्या एका दिवसाची चित्रे दहा वर्षे दिनदर्शिकांत, माहितीपत्रकांत व प्रदर्शनांत वापरली, तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. हाच नियम लग्नाच्या चित्रांनाही लागतो. वधूवरांची चित्रे त्यांना न विचारता स्टुडिओच्या दर्शनी भागात लावण्याचा हक्क छायाचित्रकारालाही नाही, हे आपल्या मित्रांनी ध्यानात ठेवावे. ही तरतूद आपण इंग्रजी कायद्यातून घेतली. खुद्द ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने ती टाकून दिली आणि कौटुंबिक चित्रांपुरते ग्राहकाच्या खाजगीपणाला वेगळे संरक्षण दिले. कॅनडानेही २०१२ मध्ये ती रद्द केली. आपण मात्र ती अजून सांभाळून आहोत. मालकी गेली तरी कलम ५७ अन्वये एक हक्क उरतो. चित्र आपले आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा तो हक्क आहे.

मग प्रत्यक्षात काय करावे? प्रथम संताप आवरून पुरावा गोळा करावा. फलक उतरण्यापूर्वी ठिकाण व तारीख कळेल अशा रीतीने त्याचे चित्र घ्यावे. जाहिरातीचे कात्रण आणि आपल्या मूळ चित्राची न कापलेली फाइल जपून ठेवावी. नंतर कंपनीला, आणि कळत असेल तर जाहिरात संस्थेलाही, साध्या शब्दांत पत्र लिहावे: हे चित्र माझे आहे, परवानगी दिलेली नाही, वापराचा मोबदला इतका. सोबत देयक जोडावे. या पत्राचे महत्त्व मोठे आहे. आपल्याला ठाऊकच नव्हते व संशयाला जागाही नव्हती असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर न्यायालय मनाई हुकूम आणि नफ्यातला वाटा एवढ्यावर थांबू शकते, नुकसानभरपाई देत नाही. पत्र पोहोचल्यानंतरच्या वापराला ही सबब चालत नाही. पत्रात धमकीची भाषा नसावी, कारण निराधार धमकीविरुद्धही याच कायद्यात दाद मागता येते.

पत्राने काम झाले नाही तर वकिलाची नोटीस, आणि त्यापुढे दावा. येथे कायद्याने दुर्बळाला एक सोय दिली आहे. कंपनीचे मुख्यालय दिल्लीला असले तरी वादी जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे पुण्यात, दावा लावता येतो. तीन लाखांपासून पुढचा वाद वाणिज्य न्यायालयाकडे जातो आणि तातडीच्या मनाई हुकमाची गरज नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. तो दखलपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तथापि हे शस्त्र शेवटचे समजावे. बहुतेकांना हवी असते ती मजुरी आणि नाव, कोणाची कैद नव्हे.

आता आपल्यातल्याच काही मित्रांची शंका. समाजवाद्यांनी प्रताधिकाराचा, म्हणजे एका मक्तेदारीचा, कैवार का घ्यावा? शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर पिंपरीतच आहे. १९५४ साली येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन गरिबांच्या आवाक्यात यावे म्हणून. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवरची मक्तेदारी नाकारली. २००५ मध्ये ती परत आली तेव्हा आपण विरोध केला, आणि तो योग्यच होता. औषधाची मक्तेदारी रोग्याच्या प्राणावर कर बसवते. वारीतल्या छायाचित्राच्या मालकीने कोणाचा प्राण अडत नाही, फक्त एका धनिकाचा खर्च थोडा वाढतो. भांडवलाची मक्तेदारी वेगळी आणि श्रमिकाचा आपल्या श्रमावरचा हक्क वेगळा.

अल्बर्तो कोर्दा या क्युबन छायाचित्रकाराने हा भेद स्वतःच्या वागण्यातून दाखवला. ५ मार्च १९६० रोजी हवानात त्याने चे गेव्हाराचे ते जगप्रसिद्ध चित्र घेतले. १९६७ पासून ते भित्तिपत्रकांवर जगभर गेले आणि त्याला रॉयल्टी मिळाली नाही. सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्यांनी ते वापरावे याला त्याची हरकत नव्हती. पण ब्रिटनमध्ये ते व्होडकाच्या जाहिरातीत आले तेव्हा तो न्यायालयात गेला. २००० साली तडजोडीत मिळालेले पन्नास हजार डॉलर त्याने क्युबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकले.

एकट्याने लढणे मात्र अवघड आहे. जो आज नोटीस पाठवतो त्याला उद्या त्या पट्ट्यात काम मिळेल का, ही भीती खरी आहे. कंत्राटी कामगाराला वाटणारी भीतीही हीच असते. २०१२ च्या दुरुस्तीत चित्रपटांतील गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीत समान वाटा मिळाला आणि तो करार करूनही काढून घेता येत नाही. ते एकत्र आले, जावेद अख्तरांसारख्यांनी संसदेत बाजू लावून धरली, म्हणून हे घडले. छायाचित्रकारांच्या पदरात असे काही पडले नाही. १९४७ साली कार्तिए-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा आदींनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली ती आपल्या चित्रांची मालकी आपल्याकडेच राहावी म्हणून. सहकाराच्या महाराष्ट्राला हे अशक्य वाटू नये. कार्यकर्त्यांनी या मंडळींना एकत्र बसवावे, मराठीत एक पानी नमुना करार तयार करावा आणि वापरानुसार किमान दर ठरवावेत. जाहिरात फलकाच्या परवान्यासोबत छायाचित्राच्या वापराचे संमतिपत्र जोडण्याची अट महापालिकेने घालावी, अशी मागणी करावी. कलम १७ च्या दुरुस्तीचा ठराव पक्षाने मंजूर करावा.

आणि शेवटी घरचा प्रश्न. आपल्या मोर्चांचे फ्लेक्स, अधिवेशनांच्या स्मरणिका, आपली साप्ताहिके यांत छापलेली चित्रे कोणाची असतात? किती जणांना आपण विचारले? किती जणांचे नाव छापले? चळवळ गरीब आहे, मानधन देता येणार नाही, हे समजू शकते. परवानगी मागायला आणि नाव छापायला मात्र पैसे लागत नाहीत. दुसऱ्याच्या फलकाकडे बोट दाखवण्यापूर्वी पुढच्या अंकापासून एवढे सुरू व्हावे.