निकाल उन्हाळ्यात, अर्ज भाद्रपदात

(श्रावणात झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आत्ताच आपण दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार केला. टक्के वाचून दाखवले, टाळ्या वाजल्या, आईवडिलांचे फोटो निघाले. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. मी मात्र आज बोलणार आहे ते आपल्याच गावांकडच्या, अजून पाचवीत आणि आठवीत असलेल्या मुलांबद्दल. त्यांचा सत्कार आपण करत नाही, कारण त्यांचा निकाल कुणाच्या लक्षातच येत नाही.

मी शिक्षक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. शाळांच्या खोल्या मोजायच्या, गळती बघायची, एस्टिमेट करायचं, हे माझं काम. त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या, विशेषतः पश्चिमेकडच्या जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या पट्ट्यातल्या शाळा मला आतून माहीत आहेत. मी शाळेत गेलो की आधी छप्पर बघतो आणि मग पोरं. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांचं मूळ गाव याच तालुक्यात आहे, म्हणून हे इथे सांगतोय.

या शाळांचं वर्ष आपल्या शहरातल्या शाळांसारखं चालत नाही. जून-जुलै पावसात जातो. कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नाले भरले की मुलं घरीच. ऑगस्टमध्ये कुठे शाळा रुळावर येते, तोवर गणपती. मग दसऱ्याची सुट्टी. आपल्याकडे सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला, पलीकडे महाराष्ट्रात दिवाळीला, म्हणून मामाकडची पोरं येतात तेव्हा आपली शाळेत असतात. ही तक्रार जुनीच आहे. सुट्टी संपते तोवर भातकापणी येते. शेतात माणूस कमी पडतो, पोरं घरी राहतात. म्हणजे भाद्रपद ते कार्तिक हे तीन महिने मोडून-तोडून हाती लागतात, आणि मुलाच्या पुढच्या वाटेचे जितके दरवाजे आहेत ते बहुतेक सगळे याच तीन महिन्यांत उघडतात आणि बंदही होतात.

या दिवसांतला सगळ्यात मोठा गाजावाजा म्हणजे ‘प्रतिभा कारंजी’. कन्नडमध्ये कारंजी म्हणजे कारंजं. आपल्या पोरांना मात्र ते ‘करंजी’ ऐकू येतं आणि दिवाळीआधीच फराळ मिळणार असं वाटतं! हा राज्य सरकारचा उपक्रम आहे. आधी क्लस्टर पातळी, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. तिथे पहिला आलेला तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि मग राज्याला. पाठांतर, कथाकथन, भावगीत, देशभक्तिगीत, मातीकाम, रांगोळी, वेशभूषा, मिमिक्री, सगळं असतं. ज्या मुलाला गणितात पस्तीस पडतात, तो मातीचा असा बैल करतो की परीक्षक उचलून उलटा करून बघतात. तेवढ्या एका दिवसापुरती वर्गातली उतरंड बदलते. मला हा कार्यक्रम फार आवडतो.

पण त्याच्यामागे काय लागतं ते बघा. दोन शिक्षकांची शाळा. एक शिक्षक मुलं घेऊन क्लस्टरला गेला की दुसऱ्याकडे सातही वर्ग. तालुक्याला जायचं तर खानापूरपर्यंतची गाडी, खाणं, वेशभूषेचं सामान. यातला बराच खर्च शिक्षक खिशातून करतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. मी पाहिलंय म्हणून सांगतो. एका शाळेत बाईंनी स्वतःचं लग्नातलं शेलं कापून मुलीला जिजाऊंचा पदर केला होता. खेळांचंही असंच. कबड्डी, खो-खो, धावणं यात आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. शाळेपर्यंत रोज तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या पोराला वेगळा सराव कशाला लागतो? तालुक्याला मात्र ती अनवाणी उतरतात आणि शहरातल्या शाळांची मुलं बूट घालून. तरी कधीकधी जिंकून येतात.

दोन वर्षांपूर्वी जांबोटीच्या आतल्या एका गावात एक मुलगी भेटली. सातवीत होती. पाठांतरात क्लस्टरला पहिली, तालुक्याला पहिली. जिल्ह्याला नंबर आला नाही, पण बेळगाव बघून आली. गावात तिचं नाव झालं. मुख्याध्यापकांनी तिला माझ्यासमोर उभं केलं आणि तिनं न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. पुढच्या वर्षी एका हायस्कूलच्या नव्या खोल्यांची मापं घ्यायला गेलो तर तीच मुलगी तिथे आठवीत. मी सहज विचारलं, “एनएमएमएसचा फॉर्म भरलास ना?” ती म्हणाली, “कसला फॉर्म, काका?” तारीख उलटून गेली होती.

एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती. 2008 साली सुरू झाली. देशभरात दरवर्षी 1 लाख मुलांना मिळते. परीक्षा आठवीत द्यायची आणि निवड झाली तर नववी ते बारावी चार वर्षं, वर्षाला 12,000 रुपये. म्हणजे एका मुलाचे 48,000. अटी साध्या आहेत. शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी, सातवीत किमान 55 टक्के हवेत, आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींना टक्क्यांत 5 ची सवलत आहे. पेपर दोन, दोन्हीला नव्वद-नव्वद प्रश्न. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा अभ्यासाचा. खेड्यातल्या भात पिकवणाऱ्या घरांतली बहुतेक मुलं या अटींत बसतात. आपली मराठी हायस्कुलं बरीचशी अनुदानित आहेत, तीही बसतात.

मग अडतं कुठे? मला वाटतं अडतं ते आठवीतच. आपल्याकडे गावातली शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत. आठवीला मूल जांबोटीला, कणकुंबीला, नंदगडला किंवा आणखी कुठे हायस्कूलला जातं. नवी शाळा, नवे शिक्षक, एसटीचा नवा प्रवास. ज्या गुरुजींनी त्याला सात वर्षं पाहिलं ते मागे राहिले. नव्या शाळेत साठ-सत्तर नवी मुलं एकदम आलेली. कोण हुशार आहे, कोणाला सातवीत किती टक्के होते, कोणाच्या घरची परिस्थिती कशी, हे कळेपर्यंत गणपती येतात. आणि अर्ज तेव्हाच निघतात. सातवीची शाळा म्हणते, मूल आता आमचं नाही. आठवीची शाळा म्हणते, मूल अजून नीट आमच्या ओळखीचं झालेलं नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. मूल मधल्या मधे राहतं. त्या मुलीचं तसंच झालं. तिचं पाठांतर तालुक्याला ठाऊक होतं, पण नव्या वर्गात ती हजेरीपटावरचा एक नंबर होती.

ज्यांचे अर्ज जातात त्यांच्याही पुढे एक खड्डा असतो. परीक्षा पास झालं म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. मुलाच्या नावाचं बँक खातं हवं, त्याला आधार जोडलेलं हवं, आणि तीन ठिकाणी नाव एकच हवं. आता आपल्या नावांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, घरात मराठीत. नाईकचा नायक होतो, चव्हाणचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. माणसाला कळतं की हा एकच पोरगा आहे. कॉम्प्युटरला कळत नाही. एका पोराचे पैसे याच कारणानं वर्षभर अडकले होते. त्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्यानं, शिकलेला पोरगा आहे तो, चार फेऱ्या मारून आधार दुरुस्त करून घेतलं. पैसे आल्यावर त्या पोरानं पहिल्यांदा सायकल घेतली, कारण संध्याकाळची एसटी चुकली की त्याला चालत जावं लागायचं. चालत म्हणजे जंगलातून, गव्यांच्या वाटेनं. बारा हजारांत इथे काय होतं असं शहरात कुणी म्हटलं तर मी त्याला ती सायकल दाखवीन.

आठवीचं झालं. पाचवीच्या मुलांसाठी नवोदय आहे. जिल्ह्याला एक नवोदय, सहावीत 80 मुलं घेतात, त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, शिक्षण सरकारी. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून अर्ज चुकला तर पुढच्या वर्षी बघू असं म्हणता येत नाही. भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. पोराला घरापासून लांब पाठवायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः माझ्या मुलाला पाठवलं नाही, त्याच्या आईचा जीव होईना. पण पाठवायचं नाही हे ठरवून न भरलेला अर्ज वेगळा आणि माहीतच नव्हतं म्हणून राहिलेला वेगळा.

तिसरी गोष्ट इन्स्पायर-मानक. सहावीपासून पुढच्या मुलांनी सुचवलेल्या नव्या कल्पना शाळेनं ऑनलाइन पाठवायच्या. निवड झाली तर मॉडेल करायला 10,000 रुपये मुलाच्या खात्यावर येतात. प्रयोगशाळा लागत नाही. डुक्कर हाकायला पत्र्याचा डबा आणि ओढ्याचं पाणी वापरून आपोआप वाजणारी खटखटी आपले आजोबा करायचेच की. त्या डोक्याची मुलं अजून गावात आहेत. पण कल्पना लिहून द्यायला बसवणारं कुणीतरी लागतं. ही मुदतही गणपतीच्या आसपासच संपते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं शाळेचं काम. आहेच. पण त्याच महिन्यांत त्याच शिक्षकाकडे क्रीडास्पर्धा, कारंजी, सहामाही परीक्षा, दुपारच्या जेवणाचा हिशोब आणि अधूनमधून कसलीतरी गणती. अर्ज हा कागदाचा खेळ आहे आणि कागद जमवायला घरातला माणूस लागतो. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढायचा तर बापाला भाताचं काम टाकून जावं लागतं. आणि त्याला हे सांगणार कोण? फोनवर मेसेज आलेला असतो, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. तो गणपतीच्या आरतीच्या व्हिडिओंखाली कुठेतरी जातो.

पण भाद्रपदात एक गोष्ट अशी होते जी वर्षात दुसऱ्या कुठल्याच महिन्यात होत नाही. आपण सगळे गावी जातो. बेळगावातला कारकून, गोव्यात कामाला असलेला भाऊ, पुण्यातला इंजिनिअर पुतण्या, सगळे एका छपराखाली. घरात शिकलेली माणसं असतात, स्मार्टफोन असतो, आणि आठवीतलं ते पोर समोर आरतीचं ताट धरून उभं असतं. तिथे त्याला “कितवीत आहेस रे?” एवढंच विचारून आपण मोदक उचलतो. यंदा आणखी दोन प्रश्न विचारा. सातवीला टक्के किती? आणि फॉर्म भरला का? नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेचा फोन लावा. शाळा बंद असेल तर मुख्याध्यापकांचा लावा, गावात नंबर असतोच. अर्जात माध्यमाचा रकाना असतो, तो नीट भरलाय ना हे स्वतः डोळ्यांनी बघा. मराठीत शिकलेल्या मुलापुढे परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याच भाषेचा पेपर आला तर त्याच्या वर्षभराच्या तयारीचं मातेरं होतं.

मी हा विषय कार्यकारिणीपुढे मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं की गणपतीच्या मांडवात सरकारी फॉर्म कशाला? त्यांचं म्हणणं मला समजतं. मांडव म्हणजे ऑफिस नव्हे. पण दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला निदान वेळ असतो, आणि ऑफिसच्या रांगेतल्या माणसाला नसतो. शेवटी त्यांनीच टेबल आणि दोन खुर्च्या देतो म्हणून सांगितलं.

तर ते टेबल यंदा मांडवात, प्रसादाच्या जागेशेजारी असेल. तिसऱ्या दिवसापासून विसर्जनाच्या आदल्या दिवसापर्यंत, संध्याकाळी सहा ते नऊ. मी आणि मंडळातले चार तरुण आळीपाळीनं बसू, लॅपटॉप आणि प्रिंटर असेल. गावाकडून दर्शनाला येणाऱ्या नातेवाइकांना सांगा, येताना मुलाचं आधार, सातवीचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक आणि असेल तर उत्पन्नाचा दाखला घेऊन या. नावं तिन्ही ठिकाणी सारखी आहेत का ते आम्ही तपासून देऊ. जुळत नसतील तर कुठे जायचं आणि काय न्यायचं ते लिहून देऊ. अर्ज शाळेमार्फतच जाईल, आम्ही फक्त कागद तयार करून देणार. मूल सोबत असेल तर उत्तम, म्हणजे त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील.